खडखडाट, बाजू ब, गाणं बारावं

बाजू अ

०००

"थांबव," इलाहीचाचा म्हणाले. "मागं घे."

सुकूदानं बटण दाबलं. कॅसेट चिवचिवत मागे गेली. चाचांनी स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात पुन्हा पसरला आणि डोळे मिटले. गाणं पुन्हा सुरू झालं. विसाव्या सेकंदाला त्यांनी डोळे उघडले.

"ही माझी चप्पल हाय," ते म्हणाले.

सुकूदा हसला. मीही हसलो, थोड्या उशिरानं. माझं हसणं उशिरा का आलं ते सांगायचं तर मलाही टेप मागे घ्यावी लागेल.

०१४

इचलकरंजी, एकोणीसशे नव्याण्णव. मी एकोणीस वर्षांचा.

पुण्यात सहा वर्षं रॉक बँडमध्ये गिटार वाजवून परत आलेला आमच्या गावातला एकच माणूस होता: सुकुमार मगदूम, आमचा सुकूदा. त्याच्या वडिलांना, अण्णांना, हार्टचा त्रास झाला आणि शेडमधले चोवीस यंत्रमाग बघायला कुणी नाही म्हणून तो आला. केस तसेच ठेवले, गिटार तशीच ठेवली. शेडच्या वर एक माडी होती, तिथे सुताच्या पेट्या रचलेल्या असायच्या. त्या पेट्यांच्या मधोमध त्यानं दोन कॅसेट डेक, एक अँप्लिफायर आणि कमरेइतका उंच स्पीकर मांडला. खाली माग चालू असले की माडीची जमीन सारखी थरथरायची. चहाचा पेला खाली ठेवला तर तो आपला आपण कडेकडे सरकायचा. तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला बोलता बोलता हात पुढे करून पेला धरायची सवय लागली होती.

त्या वर्षी सुकूदानं एक ठरवलं. बेळगाव, निपाणी, मिरज, सांगली, कोल्हापूर, जिथे जिथे पोरं स्वतःची गाणी करत होती, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या गच्चीवर, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात, त्या सगळ्यांची मिळून एक कॅसेट काढायची. बारा गाणी. कंपनी नाही, स्टुडिओ नाही. गाणं स्वतःचं पाहिजे आणि रेकॉर्डिंग स्वतः केलेलं पाहिजे, एवढ्या दोनच अटी. निवड एकट्या सुकूदाची. कॅसेटचं नावही त्यानंच ठेवलं: खडखडाट.

पोस्टानं कॅसेटी आल्या. एसटीच्या कंडक्टरबरोबर आल्या. एक तर कुणाच्या तरी लग्नाच्या आहेरातून आली. ड्रमऐवजी पत्र्याचा हौद बडवलेली गाणी, कानडीतली गाणी, मध्येच कुकरची शिट्टी होणारी गाणी. सुकूदा प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकायचा. वाईट गाणंही. "त्यानं शेवटपर्यंत वाजवलंय न्हवं? मग?" असं म्हणायचा.

मी रोज जायचो. पेट्या सरकवायचो, डेकचे हेड कापसानं पुसायचो. कशासाठी जायचो ते सगळ्यांना दिसत होतं.

०४१

इलाही शिकलगार हे मगदूमांच्या शेडचे जॉबर. माग बिघडला की जॉबर तो दुरुस्त करतो. चाळीस वर्षं मागांच्या आवाजात काढल्यामुळे माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ बघून ते समजून घ्यायचे. स्वतः मात्र शेडमधल्या आवाजातच सगळीकडे बोलायचे, मयतीलासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत माग बंद झाले की ते डबा घेऊन माडीवर यायचे, कारण वारा तिथे बरा लागायचा. एकदा बेळगावच्या एका बँडचं गाणं चालू होतं. चाचांनी जेवता जेवता डावा हात सहज स्पीकरवर ठेवला.

"ह्या पोराला घाई हाय," ते ओरडले.

"कुणाला?"

"ठोकणाऱ्याला. दुसऱ्या कडव्याला पळालं बघ पुढं."

सुकूदानं गाणं मागे घेतलं आणि मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. पहिल्या कडव्याला मिनिटाला शंभर ठोके. दुसऱ्याला एकशे चार.

"चार ठोके, चाचा!" सुकूदानं बोटं दाखवली.

"पाच असतील. तुझं घड्याळ बघून घे."

सुकूदानं बेळगावला पत्र लिहिलं, आमच्या जॉबरनी तुमचा ड्रमर नापास केलाय, परत वाजवा. तो ड्रमर मोटारसायकलवरून भांडायला आला. चाचांच्या शेजारी दीड तास बसला, जाताना त्यांच्या पाया पडला आणि पुढच्या आठवड्यात नवीन कॅसेट पाठवली. त्यानंतर चाचांचा हात लागल्याशिवाय एकही गाणं पास झालं नाही. स्पीकरच्या कापडावर ग्रीसचा एक पंजा कायमचा उमटला होता.

अण्णांना यातलं काही पटत नव्हतं. ते जिन्याखाली उभं राहून म्हणायचे, "बहिऱ्या माणसाच्या हातात चोवीस माग द्यायचे म्हणजे उद्या कुणाचं बोट गेलं तर? रेंदाळचं ते पोरगं तयार हाय यायला. शिकलेलं हाय."

"चाचांना कळतंय अण्णा. हातानं कळतंय."

"आज कळतंय. ज्या दिवशी कळंना, त्या दिवशी मी थांबणार न्हाई."

चाचांना हे माहीत होतं. ओठ वाचणाऱ्यापासून काय लपणार?

०६८

माझी तीन गाणी सुकूदानं नाकारली होती. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "पम्या, आवाज हाय तुला. गाणं न्हाई."

वाईट वाटू नये म्हणून त्यानं पाठीवर हात ठेवला. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

अकरा गाणी ठरली. बाजू ब च्या शेवटी चार मिनिटं सतरा सेकंदांची जागा उरली. सुकूदा म्हणाला, "बेळगाव हाय, मिरज हाय, निपाणी हाय. इचलकरंजीचं एक न्हाई. लाज वाटायलीय मला. ह्यात बसणारं आण कायतरी."

मी घरी गेलो आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात एक कॅसेट होती.

ती बाहूची होती. बाहुबली अकिवाटे, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांची शेड शहाण्णव साली मोडली, माग भंगारात गेले आणि घरातले सगळे भिवंडीला गेले. जाताना बाहूनं त्याची गिटार मला दिली आणि ही कॅसेट. "गिटार वाजव," तो म्हणाला होता. "कॅसेट टाकून दे."

त्या कॅसेटवर एकच गाणं होतं. गाणं म्हणजे नुसती गिटार, मागे एक माग चालू असल्याचा आवाज, आणि बाहूचं गुणगुणणं. शब्द नाहीत. चार मिनिटं दहा सेकंद. त्यानंतर कुणीतरी कामगार मध्येच ओरडतो आणि टेप संपते.

मी चार ओळी लिहिल्या. एका टेपरेकॉर्डरवर बाहूची कॅसेट लावली, दुसरा शेजाऱ्यांकडून आणला, त्याचा माइक तोंडाशी धरला आणि वरून गायलो. माझ्या आवाजाखाली बाहूचं गुणगुणणं झाकून गेलं. शेवटी तो ओरडणारा माणूस यायच्या आत बटण दाबलं.

झालं. इचलकरंजीचं गाणं.

(टेप इथे गुंतते)

त्यानं टाकूनच दे म्हटलं होतं. शब्द तर माझेच. त्याला भिवंडीत कळणार कुठून. गिटार आता माझी, मग गिटारीतून आलेलं. टाकून दे म्हटलं होतं त्यानं. सगळी रात्र कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून हेच फिरवत होतो.

बाजू ब

०००

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी. खाली माग बंद, माडीची जमीन शांत. चाचा अजून वर आले नव्हते. सुकूदानं माझी कॅसेट लावली आणि पाय पसरून बसला. अर्ध्या मिनिटात त्यानं पाय जवळ घेतले.

संपलं तसं त्यानं बटण दाबलं.

"कधी घेतलंस हे?"

"मंगळवारी. काकांच्या शेडमध्ये."

"एकच माग वाजायलाय."

"बाकीचे बंद होते."

"आणि लंगडा हाय. खट, धप. खट, धप. त्या लंगडण्यावरच गिटार बसवलीयस तू. दुसऱ्या कुठल्या मागावर हे गाणं चाललंच नसतं." त्यानं केस मागे सारले. "तीन गाणी नापास केली रे मी तुझी. हे कुठं लपवून ठेवलं होतंस?"

दोन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं, आणि त्यावर पत्ता दुसऱ्याचा होता.

"सुचलं," मी म्हणालो.

"आवाज जरा पुढं आलाय. गिटार लांब राहिली. चालंल. बारावं गाणं हेच." त्यानं कव्हरचा कोरा कागद आणि पेन पेटीवर ठेवलं. "चाचांचा हात लागू दे, मग नाव लिहू."

जिन्यावर चपला वाजल्या. चाचा डबा घेऊन वर आले, पेटीवर बसले आणि सवयीनं स्पीकरवर हात ठेवला. सुकूदानं गाणं पहिल्यापासून लावलं.

०१९

"ही माझी चप्पल हाय."

"चप्पल?" सुकूदा हसत त्यांच्या समोर गेला, ओठ दिसावेत म्हणून. "चाचा, गाणं हाय ते."

"गाणं असंल. त्याच्या मागं अकिवाट्यांचा सात नंबर हाय. तवा मी तिथं जॉबर." चाचांचा चेहरा उजळला होता. हात स्पीकरवर तसाच होता. "उजवीकडची काठी सूत नेणाऱ्या धोट्याला मारून परत येती न्हवं, ती आपटायची तिथली गादी फाटलेली. मालक म्हणायचे, आज आणतो, उद्या आणतो. मग मी माझ्या चपलेचा तळ कापून तिथं ठोकला. उजव्या पायाचा. म्हणून एका अंगाला खट आणि एका अंगाला धप. त्या दिवशी एका पायात चप्पल घालून घरी गेलो तर बायको म्हणाली, एक पाय कुठं विसरून आलासा?"

ते स्वतःच हसले. मग पुन्हा हाताकडे बघायला लागले, जणू हातात काही धरलं होतं.

"बाहूच्या शेडचा माग?" सुकूदा म्हणाला. "ती शेड तर शहाण्णवला मोडली."

"मोडली की. भंगारवाल्यानं सात नंबर माझ्यासमोर घणानं फोडला. चप्पल काढून घेऊ काय म्हटलं, तर हसला मला."

डेकची चक्रं फिरत होती. माझा आवाज माझीच चौथी ओळ म्हणत होता.

सुकूदानं गाणं बंद केलं. "मंगळवारी?" त्यानं मला विचारलं.

"काकांच्या शेडमध्येपण असाच एक माग हाय," मी म्हणालो.

मी सुकूदाकडे बघून बोललो होतो, पण चाचा माझ्याच समोर बसले होते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. खोटं बोलताना ओठ कसे दिसतात मला माहीत नाही. त्यांना माहीत असावं. चाळीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर नुसती ओठांनीच बोलत आली होती.

चाचांनी स्पीकरवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"असंल," ते म्हणाले. "असंल बाबा. एका मागासारखा दुसरा असतोय. माझं कान तर गेलंतच. आता हातबी गेलं म्हणायचं."

त्यांचा मंद आवाज म्हणजे इतरांचा मोठा आवाज. जिन्यातून वर येणाऱ्या अण्णांनी तो ऐकला.

०३०

"काय म्हणालास इलाही?" अण्णा शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभे होते. दम लागला होता. "हातबी गेलं?"

चाचांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं.

"तुझ्याच तोंडानं बोललास बरं का. सुकू, ऐकलंस न्हवं? आता मला कुणी सांगायचं न्हाई. सोमवारपासनं रेंदाळच्या पोराला बोलवून घे."

"अण्णा, थांबा जरा," सुकूदा म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत होता.

चाचा म्हणाले, "बरं, अण्णा."

एवढंच. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. जेवण तसंच होतं आत. एक कडी बसेना, ती त्यांनी अंगठ्यानं दाबली. मग दुसरी.

मला त्यांचा अंगठा दिसत होता. काळा, नख चिरलेलं. चोवीस मागांपैकी कुठला मध्यान्हीनंतर कुरकुरणार हे ज्याला सकाळी कळायचं तो हात. हा माणूस माझा कुणी लागत नव्हता. मी माडीवर पेट्या सरकवणारा एक पोरगा. एवढ्याशा माझ्यासाठी त्यांनी तो हात खोटा ठरवला होता, आणि आता डबा बंद करत होते.

मी उठलो आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो, माझे ओठ दिसतील असा.

"चाचा, सात नंबरच हाय. चप्पल तुमचीच हाय. गाणं बाहूचं हाय. मी फक्त वरनं गायलोय."

पेटीवरचा कोरा कागद सुकूदानं उचलून घेतला. मला वाटलं फाडेल.

"म्हणजे काय?" अण्णा म्हणाले. "काय चाललंय तुमचं?"

"म्हणजे अण्णा," सुकूदा सावकाश म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी घणानं फोडलेला माग चाचांनी आत्ता कॅसेटमधनं ओळखला. तळहातानं. गादीला लावलेल्या चपलेसकट."

 अण्णांनी चाचांच्या पायांकडे बघितलं.

"कुठली चप्पल?"

"ही न्हवं अण्णा," चाचा म्हणाले. "जुनी."

अण्णा सुताच्या पेटीवर बसले.

सुकूदा माझ्यावर ओरडला नाही. तो म्हणाला, "मूळ कॅसेट कुठाय?"

"खाली. सायकलच्या पिशवीत."

"आण."

०९५

इथे मी टेप पुढे ढकलतो, कारण त्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटं मला शेवटी ठेवायची आहेत.

दुसऱ्या दिवशी सुकूदानं मला एसटीडी बूथवर नेलं, भिवंडीचा नंबर लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी बाहूला सगळं सांगितलं. 

"सुकूदानं पकडलं?" बाहूनं विचारलं.

"इलाहीचाचांनी. पण मीच सांगितलं."

"शब्द काय लिहिलेस?"

मी चार ओळी म्हणून दाखवल्या.

"वाईट हाईत," तो म्हणाला. "ते काढा. बाकीचं ठेवा." मग म्हणाला, "गिटार ठेव तुझ्याकडं. परत मागत न्हाई."

खडखडाट दोनशे प्रतींची निघाली. एक डेक वाजवायचा आणि दुसरा ऐकायचा, तासाला एक प्रत. कव्हरं हातानं लिहायची होती. सुकूदानं सगळी मला दिली. शिक्षा म्हणून की विश्वास म्हणून, त्यानं कधी सांगितलं नाही. दोनशे वेळा मी लिहिलं:

बारा. गिटार: बाहुबली अकिवाटे. माग: सात नंबर. चप्पल: इलाही शिकलगार.

माझं नाव त्या कॅसेटवर नाही. पुढे मी आवाजाचंच काम करायला लागलो, लोकांची गाणी रेकॉर्ड करतो. स्टुडिओत नवीन आलेली मुलं गाणं तपासताना स्पीकरवर हात ठेवणाऱ्या माझ्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारतात. मला अजून काहीच कळत नाही त्या हाताला. ठेवतो तरी.

बारावं गाणं ज्यांनी ऐकलं ते सगळे शेवटाबद्दल विचारतात. गाणं संपल्यावर तो कोण ओरडतो?

०४४, परत मागे

मी मूळ कॅसेट घेऊन धापा टाकत वर आलो. सुकूदानं ती लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. चाचांनी हात स्पीकरवर ठेवला. अण्णा पेटीवर होते.

एवढ्या मोठ्या स्पीकरवर मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. माझा आवाज वर नसताना. खट, धप. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये जी लहानशी जागा होती, तिथे बाहूची गिटार पाय ठेवत होती, प्रत्येक वेळी थोडी बिचकत, आणि प्रत्येक वेळी जागा सापडत होती. बाहू गुणगुणत होता. सूर कुठेतरी मागाच्याच घरघरीतून उचललेला. मी हे झाकलं होतं.

अण्णांचा पाय हलत होता. त्यांना ते माहीत नव्हतं.

गिटार थांबली. माग एकटाच चालत राहिला, सहा ठोके, सात. मग मागाचं हँडल पाडल्याचा आवाज, आणि शांतता. अशी शांतता मी शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. एकही माग नाही. आणि त्या शांततेत, मी कापून टाकलेला तो माणूस ओरडला:

"झालं का रे बाहू? चालू करू का?"

टेप संपली. बटण टक्‌कन वर आलं.

सुकूदानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग आम्ही तिघंही चाचांकडे बघायला लागलो. तीन वर्षं मी तो आवाज ऐकत होतो, कुणीतरी कामगार म्हणून. गेले सहा महिने रोज दुपारी तोच आवाज माझ्या शेजारी बसून जेवत होता.

चाचांचे डोळे अजून मिटलेले होते.

"चांगलं चाललं होतं," ते म्हणाले. "माग थांबल्यावर हे काय थडथडलं? कोण वरडलं काय मधीच?"

 त्यांनी डोळे उघडले आणि एकेकाचे ओठ बघितले. सगळे मिटलेले. मी पुढे झालो.

"तुम्ही, चाचा."

"काय?"

"ते तुम्ही हाईसा. झालं का रे बाहू, चालू करू का. असं म्हणालासा."

"मी?" त्यांनी हात छातीवर ठेवला. शर्टावर पंजा उमटला. "मी एवढ्या मोठ्यानं बोलतो?"

"ह्याच्याहून मोठ्यानं," अण्णा म्हणाले.

चाचा हसले नाहीत. त्यांची नजर पेट्यांवरून, डेकवरून फिरत कुठेतरी गेली आणि तिथून परत आली.

"पोरगं म्हणालं होतं," ते म्हणाले, आणि मला आठवतं, त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "म्हणालं, चाचा, एकटा सात नंबर पाहिजे. बाकीचे गप्प करा पाच मिनिटं. मालक कोल्हापूरला गेले होते. कामगारांना म्हटलं, जा, चहा पिऊन या. एकेक हँडल पाडत गेलो. तेवीस माग. मग भिंतीला टेकून उभा राहिलो. पोरगं त्या तारांच्या लाकडी पेटीवर बोटं फिरवायलं होतं, डोळं मिटून. मला काय ऐकू येणार? मी म्हटलं, खेळ असंल पोराचा. कंटाळून शेवटी सात नंबरबी पाडला आणि विचारलं, झालं का." ते थांबले. "हे होतं व्हय ते?"

"हेच," सुकूदा म्हणाला.

चाचांनी स्पीकरकडे बघितलं. ग्रीसच्या पंजाकडे.

खालून कुणीतरी हाक मारली. सुट्टी संपली होती. कामगार मागांपाशी येऊन उभे राहिले होते. चाचांनी डबा उचलला, पण उठले नाहीत.

"एकदा परत लाव, सुकू," ते म्हणाले. "मग जातो."

सुकूदानं अण्णांकडे बघितलं. चोवीस माग बंद म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अण्णा कठड्याला धरून उठले आणि जिन्यापाशी गेले. खाली वाकून ओरडले, "थांबा रे! कुणी हँडल उचलायचं न्हाई. मी सांगेपर्यंत."

मग परत येऊन पेटीवर बसले. "लाव," ते म्हणाले.

चार मिनिटं दहा सेकंद खाली चोवीस माग थांबले होते. वर सात नंबर चालत होता. चाचांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला आणि अनवाणी तळवा जमिनीवर टेकला. प्रत्येक धप ला अंगठा थोडा दबत होता.

गिटार थांबली. सात ठोके. हँडल. शांतता.

"झालं का रे बाहू? चालू करू का?"

चाचांनी हात काढला आणि अण्णांच्या ओठांकडे बघितलं.

"कर," अण्णा म्हणाले.

चाचांनी पायात चप्पल सरकवली आणि डबा घेऊन खाली गेले. थोड्या वेळानं पहिला माग सुरू झाला. मग दुसरा, मग तिसरा. माडीची जमीन हलायला लागली. पेटीजवळ ठेवलेला चहाचा पेला कडेकडे सरकत गेला, आणि आम्हा तिघांपैकी एकानंही हात पुढे केला नाही.